दहा-बारा कागदी लिंबं आणि एक डबा कंडेन्स्ड मिल्क

आधीच सांगून टाकतो, हा त्या मोठ्या पिवळ्या परदेशी लिंबाचा लेमन पाय नाहीये. हा लाइम पाय आहे, म्हणजे खाली बिस्किटाचा थर आणि वर कंडेन्स्ड मिल्क-लिंबाचं सारण असलेला गोड पदार्थ (इंग्रजीतला pie), आणि लाइम म्हणजे आपण पोह्यांवर पिळतो तेच रोजचं लिंबू. मी पहिल्यांदा करायला घेतला तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून ती जाड सालीची पिवळी लिंबं घेऊन आलो, चार लिंबांचे इतके पैसे दिले की घरी आकडा सांगितलाच नाही, आणि एवढं करून पाय झाला कसा तर गोड. नुसता गोड. आईने एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "बासुंदी चांगली झालीये, पण बिस्किटावर का ओतलीस?"

मग जरा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची एक रांग आहे, तिला कीज म्हणतात, तिथलं लिंबू म्हणून ते की लाइम आणि त्याचा तो की लाइम पाय, जो २००६ पासून फ्लोरिडा राज्याचा अधिकृत पाय आहे (हो, असं पण असतं). आणि हे की लाइम म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलं कागदी लिंबू, जातच एक. मूळ झाड आशियातलं, अरबांबरोबर पश्चिमेला गेलं, पुढे स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं. गंमत म्हणजे १९२६ च्या मोठ्या चक्रीवादळात तिथल्या बागा गेल्या आणि नंतर तिकडे पर्शियन लाइम लावायला लागले, मोठं, बिनबियांचं, काटे कमी. म्हणजे ज्यांचा पाय त्यांना आज अस्सल लिंबू शोधत फिरावं लागतं आणि आपल्याला ते मिरची-कोथिंबिरीबरोबर मिळतं. तेव्हा बाहेरून काही मागवायच्या भानगडीत पडू नका.

लिंबं

पाऊण पाय इथेच ठरतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी बुधवारच्या बाजारातून आणतो, गोदाघाटावर भरतो त्यातून, कारण तिथे हातात घेऊन निवडू देतात. साल पातळ हवी आणि गुळगुळीत, तकतकीत हवी, दाबलं तर किंचित दबलं पाहिजे. हिरवंगार, दगडासारखं कडक लिंबू घेऊ नका, त्यात रस नसतो, आणि खडबडीत सालीचं मोठं दिसतं ते पण नको, त्यात नुसती सालच असते. हिरव्यातून पिवळ्याकडे झुकलेलं सगळ्यात बेस्ट. साई सरबती म्हणून जे मिळतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे ती, ते मिळालं तर डोळे झाकून घ्या, रसाला फार चांगलं.

आणि सीझन बघा. लिंबाचे तीन बहर असतात, आंबिया, मृग आणि हस्त. हस्त बहराची लिंबं एप्रिल-मेमध्ये येतात, तो बहर धरायला अवघड म्हणून माल कमी, वर सगळ्यांना तेव्हाच सरबत प्यायचं असतं, त्यामुळे एका लिंबाचा भाव ऐकून माणूस कोकम सरबताकडे वळतो. आंबिया बहराची पावसाळ्यात येतात, तेव्हा ढीग लागलेले असतात, रसाळ आणि स्वस्त. मी हा पाय आषाढ-श्रावणातच जास्त करतो. बाहेर पाऊस, घरात आंबट काहीतरी, आणि लिंबाला पैसे पडत नाहीत.

किती लागतात? एका कागदी लिंबातून साधारण १०-१५ मिली रस निघतो, आपल्याला हवाय १२० मिली, म्हणजे दहा-बारा धरून चाला आणि दोन जास्तीची आणा, एखादं आतून सुकलेलं निघतंच.

बाकी सामान

८ इंची टिनच्या हिशोबाने सांगतो. डायजेस्टिव्ह बिस्किटं १८० ग्रॅम, बटर ८० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, मिल्कमेड असो नाहीतर अमूलचं मिठाई मेट, साधारण ४०० ग्रॅम, अंड्याचे ३ बलक, १२० मिली लिंबाचा रस आणि २ चहाचे चमचे लिंबाच्या सालीचा कीस. बास. साखर वेगळी घालायची नाही, डब्यात जवळजवळ निम्मी साखरच असते. मीठ पण नको, नेहमीचं पिवळं बटर खारटच असतं. बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर घाला.

अंडं चालत नसेल तर बलकांच्या जागी १५० ग्रॅम चक्का घ्या. डेअरीत श्रीखंडासाठी मिळतो तोच, पण ताजा, आंबलेला नको. आमच्याकडे आई अंडं खात नाही म्हणून अर्ध्या वेळा हाच होतो आणि खरं सांगू का, मला आता चक्क्याचाच जास्त आवडतो. बलकाचा घट्ट आणि मऊसूत होतो, चक्क्याचा थोडा हलका, आंबटपणाला अजून एक धार येते.

पार्ले-जी वापरला तर चालतो का? चालतो, पण तो आधीच गोड आणि त्याची चव एवढी ओळखीची आहे की पाय खाताना चहाची आठवण येते. मारी फार कोरडं, १५-२० ग्रॅम बटर वाढवावं लागतं.

भांडं कशाचं हे महत्त्वाचं. तळ सुटा होणारं टार्टचं टिन मिळालं तर छान, नाहीतर काचेचं बेकिंगचं भांडं किंवा सरळ कडा असलेली स्टीलची खोलगट थाळी. मी भांडी बाजारातून घेतलेल्या स्टीलच्या थाळीतच करतो. अॅल्युमिनियमचं टिन असेल तर तळाला आणि कडेला बटर पेपर लावा, कारण लिंबाचा रस त्याला खातो आणि पायला धातूची चव येते. पितळेच्या भांड्यात रस काढून ठेवला की कळकतो हे तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पण घाईत माणूस विसरतो. मी विसरलोय एकदा, रस हिरवट पडला, दहा लिंबं ओतून दिली.

खालचा थर

बिस्किटं मिक्सरला थांबून थांबून फिरवा नाहीतर पिशवीत घालून लाटण्याने ठेचा. अगदी पीठ नको, जाड रव्यासारखं हवं. बटर वितळवून त्यात ओता, हाताने चोळा. मूठ दाबली की लाडवासारखा गोळा बसला पाहिजे आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. गोळा बसत नसेल तर चमचाभर बटर अजून घाला, हाताला तेलकट लागत असेल तर एक-दोन बिस्किटं अजून कुस्करा.

आता हे थाळीत घालून वाटीच्या बुडाने दाबायचं, आधी कडा, मग तळ. सगळे आधी तळ दाबतात आणि मग कडेला माल उरत नाही. जिथे तळ आणि कड मिळते तो कोपरा जाड राहतो, तिथे वाटी नीट फिरवा, नाहीतर कापताना तिथेच दगड लागतो.

ओव्हन १७० डिग्रीला आधी तापवून घ्या आणि हा थर १० मिनिटं भाजा. खमंग वास आला की काढा. पूर्ण गार होऊ द्यायची गरज नाही, कोमट चालतो.

रस आणि कीस

कीस आधी, रस नंतर. हा क्रम चुकला तर पिळलेल्या मऊ लिंबावर किसणी चालवायची वेळ येते आणि बोटं सोलली जातात. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे कागदच असते, म्हणून सगळ्यात बारीक किसणी आणि हलका हात, फक्त वरचा रंगाचा भाग. आतलं पांढरं आलं की कडू झालं. चार-पाच लिंबांचा कीस पुरतो.

मग लिंबं ओट्यावर तळव्याखाली दाबून लोळवा, कापा, पिळा. तो दाबून पिळायचा चिमटा असतो ना, त्यात साल चिरडली जाते आणि सालीतलं तेल रसात उतरतं, थोडं उतरलं तर वास छान येतो, पण जीव खाऊन दाबलं तर कडवटपणा येतो. मी हातानेच पिळतो. बिया भरपूर निघतात, गाळणीने गाळा, एकही बी आत राहता कामा नये. आणि रस त्याच दिवशी काढा, आदल्या रात्री काढून ठेवला तर चव उतरते, कडवट होतो. बाटलीतला तयार रस? सरबताला ठीक आहे. इथे नको.

सारण, आणि दूध नासत का नाही

बलक आणि कीस दोन मिनिटं फेटा, रंग जरा फिका होईल. त्यात कंडेन्स्ड मिल्क घाला, एकजीव करा. मग रस थोडा थोडा घालत ढवळा.

मी हे पहिल्यांदा करताना आई मागे उभी होती आणि तिला राहवेना. "अरे दुधात लिंबू पिळतोयस, नासेल ना सगळं!" आणि तिचं चूक नव्हतंच, आयुष्यभर उकळत्या दुधात लिंबू पिळून पनीर करणारी बाई ती. पण इथे नासत नाही, घट्ट होतं. लिंबाच्या आंबटपणाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरायला लागतात हे दोन्हीकडे सारखंच, पण पनीर करताना दूध पातळ आणि गरम असतं म्हणून गाठी होऊन पाणी वेगळं पडतं. कंडेन्स्ड मिल्कमधलं पाणी आधीच आटवलेलं आणि वर एवढी साखर, त्यामुळे गाठी न होता सगळं मिळूनच दाटतं. ढवळता ढवळता तुम्हाला हाताला कळेल, मिश्रण चमच्याला जड व्हायला लागतं, पातळ बासुंदीचं घोटलेल्या श्रीखंडासारखं होतं. आईने मग चमचा हातातून घेतला आणि स्वतः ढवळून बघितलं, काही बोलली नाही.

हा डबाच पायच्या मुळाशी आहे बरं का. अमेरिकेत गेल बोर्डन नावाच्या माणसाने १८५६ साली दूध आटवून टिकवायचं पेटंट घेतलं आणि फ्लोरिडाच्या त्या बेटांवर ताजं दूध आणि बर्फ दोन्हीची मारामार असल्यामुळे डब्यातलं दूधच वापरात आलं. म्हणून यात क्रीम, ताजं दूध असलं काही नसतं. लिंबू झाडाचं, दूध डब्यातलं, अंडी कोंबडीची.

चव आत्ताच बघा. चक्क्याचा करत असाल तर बिनधास्त, बलकाचा असेल तर कच्चं अंडं आहे म्हणून जिभेच्या टोकाला लावण्यापुरतं किंवा मग सोडाच. या स्टेजला ते जरा जास्तच आंबट लागलं पाहिजे, डोळा बारीक झाला पाहिजे. गार झाल्यावर आंबटपणा आणि गोडवा दोन्ही मऊ पडतात, खाली बिस्किटाची गोडी येते. इथे घाबरून रस कमी घातला की झाली बासुंदी. माझं स्पष्ट मत आहे, १०० मिलीच्या खाली जाऊ नका. रस कमी पडला तर नीट दाटत पण नाही, म्हणजे चव पण गेली आणि काप पण गेला.

हिरवा रंग घालू नका प्लीज. खरा पाय फिका पिवळा असतो, साय असते ना म्हशीच्या दुधाची, तिच्या जरासा पुढे.

भाजणं

मिश्रण थरावर ओता, थाळी ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे निघतील, आणि १७० डिग्रीलाच १५ मिनिटं. कडा बसलेल्या पण थाळी हलवली की मध्यभाग जेलीसारखा थरथरतोय, तेव्हाच काढायचा. "अजून पाच मिनिटं ठेवू" असं वाटतं तेव्हा हात आवरा, जास्त भाजला की वर तडे जातात आणि आत रबर होतं. बलक घातलेला असेल आणि घरी थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७१ डिग्री झालं की अंडं शिजलं, निश्चिंत व्हा. चक्क्याचा तर १२ मिनिटांत होतो.

ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, माझा सांगतो १७० आणि असतो त्यापेक्षा बराच जास्त. एक साधा ओव्हन थर्मामीटर आत लटकवला तेव्हा कळलं की वर्षभर केक का करपत होते, मी उगाच रेसिपीला शिव्या घालत होतो.

ओव्हन नाही? जाड बुडाची जुनी कढई घ्या, आत स्टँड, वर घट्ट झाकण, मंद आचेवर १० मिनिटं तापवा. थाळी त्यात मावली पाहिजे हे आधी बघा (मी आधी पाय भरला आणि मग बघितलं). थर १०-१२ मिनिटं, सारण ओतल्यावर २०-२५ मिनिटं. मध्ये एकदा झाकण उचलून आतली वाफ पुसून घ्या, नाहीतर पाण्याचे थेंब पायवर पडून खड्डे होतात. आणि तेही नको असेल तर चक्क्याचा न भाजता तसाच फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, सेट होतो. काप जरा लोळतो, पण वाटीतून चमच्याने खायला मस्त. बलकाचा मात्र न भाजता अजिबात नको.

गार करणं, म्हणजे खरी परीक्षा

बाहेर तासभर, मग फ्रीजमध्ये कमीत कमी ४ तास, रात्रभर ठेवला तर उत्तम. गरम पाय कापला तर तो पाय नाही, रबडी आहे. आमच्याकडे एकदा पाहुणे सात वाजता येणार, मी पाच वाजता फ्रीजमध्ये ठेवला आणि सव्वापाचला लाईट गेली ती नऊला आली, सगळ्यांनी तो चमच्याने आमरसासारखा खाल्ला आणि वर "फार छान झालंय, काय म्हणतात याला?" असं विचारलं. तेव्हापासून आदल्या दिवशीच करतो.

फ्रीजमध्ये झाकून ठेवा. आपण लासलगावच्या एवढ्या जवळचे लोक, कापलेला अर्धा कांदा प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये असतोच, आणि हे दुधाचं सारण वास पटकन ओढून घेतं. कांद्याचा वास लागलेला लिंबाचा पाय, नको ती आठवण.

वर काय

परदेशात वर फेटलेलं क्रीम नाहीतर मेरिंग, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात साखर घालून फेटलेला फेस, घालतात. क्रीम घालायचं तर व्हिपिंग क्रीमच लागेल, छोट्या टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटा, ते उभं राहत नाही, हात दुखतील तेवढेच. मेरिंग छान दिसतं पण ते गोडच गोड, आणि एवढी मेहनत करून आणलेला आंबटपणा वरून झाकायचा हे मला पटत नाही. मी २०० ग्रॅम चक्का, दोन-तीन चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर कीस घोटून पातळ थर देतो, वाढायच्या आधी. जायफळ-वेलची घालू नका, लगेच श्रीखंड होतं. एक मित्र म्हणाला वर द्राक्षं लाव, नाशिकचा पाय वाटेल. लावून बघितली. द्राक्षाला पाणी सुटतं, पाय गिळगिळीत होतो, द्राक्षं शेजारी वाटीत ठेवा. उरलेल्या पांढऱ्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी आम्लेट.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप, परत बुडवून पुसून दुसरा. पहिला काप तुटतोच, तो करणाऱ्याचा. थाळीला तळ चिकटून बसला असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यावर थाळी मिनिटभर ठेवा, गोठलेलं बटर सैल होतं आणि काप सुटतो. तीन दिवस टिकतो, पण दुसऱ्या दिवसानंतर खालचं बिस्किट मऊ पडायला लागतं.

आणि त्या पिळलेल्या वीस-बावीस फोडी फेकू नका. आमच्याकडे त्या आईच्या ताब्यात जातात, त्यावर जाड मीठ टाकून ती देवाची सगळी तांब्या-पितळेची भांडी घासून काढते. परवा विचारत होती, "काय रे, तो आंबट पाय परत कधी करतोयस? समई काळी पडलीये."